अहल्याक्कांचं पातेलं

(डिसेंबर १९६५. सोमवार, दुपारचे अडीच. बंगळूर, शिवाजीनगरच्या बाजारामागची एक प्राथमिक शाळा. तिच्या परसातली पत्र्याची स्वयंपाकखोली. अहल्या इथं मुलांचं दुपारचं खाणं रांधते. यल्लव्वा पाणी भरते, लाकडं फोडते. नरसिंहराव हे शाळांतल्या खाण्यावर देखरेख करणारे सरकारी तपासनीस.)

अहल्या : चपला बाहेर काढल्या ते सरी, बरं केलंत, पण मोजेही काढा. सरकारी असले तरी पाय ते पायच.

नरसिंहराव : काढले, अक्का. आता येऊ?

अहल्या : या. पण ती राखेची रेघ दिसते ना, तिच्या अलीकडंच. पलीकडं मी, चूल आणि देव. हेडमास्तरसुद्धा ती ओलांडत नाहीत.

नरसिंहराव : मग मी कोण बापडा! इथं पाटावर बसतो. यल्लव्वा, तू का उन्हात उभी? आत ये.

यल्लव्वा : हितंच बरी हाय जी. म्या न्हाई येत आत कदी.

नरसिंहराव : बरं, दारात तरी टेक. दोघींना एकदाच सांगतो. हेडमास्तर बोलतात कानडीत, लिहितात इंग्रजीत; तुमच्यापर्यंत धड काही पोचलेलं दिसत नाही. म्हणून तर साहेबांनी मला धाडलं, घरी मराठी बोलणारा आहे म्हणून. गुरुवारी इथलं ताक पिऊन एकतीस मुलं ओकली. तीस बरी होऊन गल्लीत गोट्या खेळतायत. विद्या म्हणून एक लहान मुलगी आहे, ती तेवढी दवाखान्यात राहिली. काल पेज घेतली तिनं. उद्या सोडतील.

अहल्या : राघवेंद्रस्वामींची कृपा. मी चार दिवस एकच नवस बोलतेय.

नरसिंहराव : पण हेडमास्तरांनी शनिवारी पोलीस चौकीत लिहून दिलंय, की ताकात कुणीतरी काहीतरी कालवलं. आणि कुणीतरी म्हणजे कोण, तेही लिहून दिलंय.

यल्लव्वा : माजं नाव.

नरसिंहराव : तुझं. चार वाजता जमादार येतोय तुला न्यायला. त्याच्या आत माझा कागद तयार झाला तर तो आधी कागद बघेल. नाही झाला तर तुला घेऊन जाईल. एकदा चौकीत जाऊन आलेल्या बाईला मग कोण काम देतं, ते मी सांगायला नको.

अहल्या : त्यात शोध कसला करायचाय, अण्णा? ते कोपऱ्यातलं पुठ्ठ्याचं पिंप बघा. अमेरिकन दुधाची भुकटी. दोष तिथं आहे.

नरसिंहराव : कशावरून?

अहल्या : त्याच्यावरचं चित्र बघितलंत? दोन हात, एकमेकांत अडकवलेले. कुणाचे हात ते? काय खाऊन धुतलेले? शेजारीण विरजण देताना दहा वेळा विचार करते, आणि हे सात समुद्रांपलीकडून पिंपंच्या पिंपं दूध फुकट धाडतात! कशासाठी?

नरसिंहराव : त्यांच्याकडं जास्त झालंय म्हणून.

अहल्या : जास्त झालं तर वासरांना पाजावं. अण्णा, बाजारात बायका काय म्हणतात माहीत आहे? त्यात औषध घातलेलं असतं. आज मुलींनी प्यायचं आणि उद्या लग्न झाल्यावर पाळणाच हलायचा नाही. सरकारला हल्ली पोरं कमी हवीत की नाही?

नरसिंहराव : बायकांचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?

अहल्या : मला काय वाटायचंय? मी रांधते. शाळेनं दिलं ते शिजवायचं. पण तुमच्या खात्याचा आणि माझा परिचय आजचा नाही, सांगून ठेवते. लढाईत रेशन आलं तेव्हा पहाटेपासून मी रांगेत होते. तांदळात खडे नव्हते ते, खड्यांत तांदूळ होते. मग स्वराज्य आलं, तर म्हणे अधिक धान्य पिकवा. आमच्या वठारात एवढंसं अंगण, त्यातला गुलाब उपटून तुमच्याच एका माणसानं रताळी लावायला लावली. ती घुशींनी खाल्ली. पिकवलं आम्ही, जेवल्या घुशी. मग आला तो म्हैसूरचा तांदूळ. जो तांदूळच नव्हता!

नरसिंहराव : टॅपिओकाचा. आपलं मरगेणसू हो, साबुदाणा करतात तो कंद. त्यात शेंगदाण्याचं पीठ मळून यंत्रातून दाणे पाडायचे. शिजवला की अगदी भात दिसायचा.

अहल्या : दिसायचा! बसवनगुडीत देवळासमोर मांडव घालून शिजवून वाटला होता. कुणी एक काळा कोट घातलेला माणूस द्रोण हातात देऊन सांगत होता, खा, पोटभर खा, देशाची सेवा आहे. माझ्या सासूबाई म्हणाल्या, वाटणाऱ्याच्या ओठाला एक शीत लागलेलं दिसत नाही.

नरसिंहराव : सासूबाईंची नजर चांगली होती.

अहल्या : म्हणजे?

नरसिंहराव : तो काळा कोट माझाच, अक्का. बावन्न साल. नवी नोकरी, उसना कोट. खरंच नव्हतं खाल्लं मी. दिवसभर लोकांना ते वाढायचं आणि घरी जाऊन आईच्या हातचा खरा भात जेवायचा. पुढंही तेच. भात सोडा, गहू खा म्हणून वर्षभर ओरडलो, आमच्याकडं चपाती फक्त दुखणेकऱ्याला. आता सोमवारची रात्र. हॉटेलं बंद, घरोघर चुली बंद, देशासाठी एक वेळ सोडा. आजही सोमवारच.

अहल्या : मला सोमवार कशाला सांगता? यजमान गेल्यापासून मी रात्री जेवत नाही. तीस वर्षं झाली. देशाला आत्ता आठवलं.

नरसिंहराव : खरं आहे. म्हणून आज उलटं करू. गुरुवारी हीच भुकटी वापरलीत ना?

अहल्या : ह्याच पिंपातली. अर्धं अजून शिल्लक आहे.

नरसिंहराव : यल्लव्वा, नळाचं तांब्याभर पाणी आण. माझ्या पिशवीत काचेचा पेला आहे. चमचाही आहे. अक्का, तुमचं भांडं नको, चूल नको. चार चमचे घालतो. हे ढवळलं. बघताय ना दोघी?

अहल्या : अय्यो! अण्णा, बायको-पोरं आहेत ना घरी?

नरसिंहराव : आहेत की. म्हणून तर घोट मोठा घेतो... झालं. स्वल्प गुठळ्या राहिल्या. खडूसारखं लागतं. पावणेतीन झालेत. मुलं किती वेळात ओकली होती?

यल्लव्वा : पंगत उठली, हात धुतलं, आन् पाळीपाळीनं सुरू झालं जी. पाव तास बी न्हाई.

नरसिंहराव : मग अर्धा तास वाट बघू. तेवढ्यात तू माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे, यल्लव्वा. तुझी मुलगी चंपा दुसरीत आहे. गुरुवारी ती पंगतीत होती. तिनं भात खाल्ला, ताक प्यायली नाही. सगळ्या पंगतीत ती एकटीच. का? हेडमास्तरांच्या कागदात हे पहिलं कलम आहे. बाईनं आपली पोर तेवढी बाजूला ठेवली. पेल्यातलं ताक जमिनीवर सांडलेलं तिच्या शेजारच्या मुलांनी बघितलंय. कुणी सांगितलं तिला सांडायला?

यल्लव्वा : म्या सांगितलं.

अहल्या : काय?

यल्लव्वा : म्या दारातनं हातानं खूण केली. पिऊ नगं म्हून.

अहल्या : अण्णा, ऐकलंत? आणि मी इथं भुकटीला शिव्या देतेय!

नरसिंहराव : थांबा अक्का. का सांगितलंस, यल्लव्वा?

यल्लव्वा : तसंच. वाटलं म्हून.

नरसिंहराव : वाटलं म्हणून? जमादाराला हेच सांगणार आहेस?

यल्लव्वा : काय इचारायचं ते त्यो इचारंल. निपाणीस्नं आले तवा बी कुनी माजं ऐकून घेतलं न्हवतं. जायाचं तर जायाचं. चंपाला अक्का बघतील.

अहल्या : मी का बघू? शाळेत नाव घातलं एवढं पुरे नाही झालं?

नरसिंहराव : चंपाचं नाव तुम्ही घातलंत?

अहल्या : हेडमास्तर म्हणत होते जन्माचा दाखला आणा. ही कुठून आणणार? मी म्हटलं, मी सांगते ती सहा वर्षांची आहे, लिहून घ्या. पोरगी हुशार आहे, पाढे ऐकत राहावेत. ते वेगळं. पण अण्णा, आता मला भीती वाटायला लागलीय. पाणी हीच आणते, मी थेंबभर गंगाजळ टाकून घेते. लाकडं हीच आणते. माझी पाठ फिरली की दारात कोण असतं? हीच की.

नरसिंहराव : सव्वातीन. माझ्या पोटात काही नाही. भूक तेवढी लागलीय. म्हणजे भुकटी निर्दोष. खरं सांगू? सकाळी निघालो तेव्हा माझा संशय हेडमास्तरांवर होता. भुकटी पेढेवाल्याला विकून इकडं चुना कालवला असेल, असं. तेही खोटं ठरलं. मग उरलं काय? ताक. अक्का, सरकारनं दूध द्यायला सांगितलंय, तुम्ही ताक का केलंत?

अहल्या : माझीच युक्ती ती. त्या दुधाचा वास मुलांना सोसत नाही. नाक दाबून पितात, अर्धी मोरीत ओततात. सकाळी घरून उपाशी आलेली पोरं, अण्णा! मला बघवेना. म्हटलं विरजण लावावं, आलं, हिंग, कढीलिंब लावून ताक करावं. बुधवारी शाळा सुटल्यावर दूध करून विरजलं. गुरुवारी सकाळी घुसळलं. पहिल्यांदाच केलं. पोरांनी मागून मागून घेतलं हो. मी मेली खूश होऊन वाढत होते.

नरसिंहराव : तुम्ही चव घेतली होतीत?

अहल्या : रांधताना? मडीत आहे मी. मडी म्हणजे तुमचं सोवळं, विसरलात का ऑफिसात बसून? देवाला दाखवल्याशिवाय जिभेला लावायचं नाही. आणि त्या भुकटीचं तर देवाला दाखवल्यावरही नाही.

नरसिंहराव : विरजलं कशात?

अहल्या : मोठ्या पितळी पातेल्यात. दूध नेहमी त्यातच करते.

नरसिंहराव : ते घासतं कोण? नीट आठवून सांगा. छापील नियमात भांडी घासणं मदतनिसाचं काम आहे. म्हणजे यल्लव्वाचं.

अहल्या : छापलं असेल. माझ्या चुलीवरच्या भांड्याच्या आत हिचा हात? अण्णा, इथं ब्राह्मणांची मुलंही जेवतात. त्यांच्या आया कशाच्या भरवशावर पाठवतात? अहल्याक्का मडीनं करतात म्हणून. बाहेरून काजळी खरवडायची असेल तर ही खरवडते, तीही माझ्यासमोर. आतून मी. चार वर्षांत त्या पातेल्याच्या आत हिचा हात एकदाही लागलेला नाही. लिहून घ्या हवं तर.

नरसिंहराव : लिहून घेईन. कसं घासता?

अहल्या : चिंच आणि विटेची पूड. एरवी एकदा. भुकटीचं दूध केलं त्या दिवशी तीनदा. त्या परक्या दुधाचा वास बसतो. सहज जात नाही. घासून घासून माझी बोटं बघा कशी झालीत. त्यांचं दूध पोरांच्या पोटात जातं ते जातं, माझ्या भांड्यात मी राहू देत नाही.

नरसिंहराव : आणि कल्हई?

अहल्या : गौरीच्या आधी केलेली. शिवाजीनगरच्या कल्हईवाल्याकडून. तो भांड्यात बसून पायानं घासतो हो! आल्यावर तीन दिवस मी घासत होते.

नरसिंहराव : चिंच आणि विटेनंच?

अहल्या : मग काय अत्तरानं? भांडं बघायचंय? आणते की. तुम्ही हात लावू नका, मी दारात उजेडात धरते. हे बघा. आत बघा. चांदीसारखं पांढरं. लग्नातल्या मुलीनं आरशाऐवजी घ्यावं.

नरसिंहराव : कसं म्हणालात?

अहल्या : पांढरंशुभ्र.

नरसिंहराव : यल्लव्वा, तू बघ. आतून कोणता रंग आहे?

यल्लव्वा : मला काय कळतंय त्येतलं.

नरसिंहराव : रंग विचारतोय गं. शास्त्र नाही.

यल्लव्वा : अक्का म्हनत्यात त्योच.

नरसिंहराव : अक्का, हे पिवळं आहे. पिवळंधमक. विटेनं घासून घासून कल्हईचा ठिपकासुद्धा उरलेला नाही.

अहल्या : बाहेरून बघताय तुम्ही.

नरसिंहराव : आत बघतोय. तळाशी हिरवट कडं धरलंय.

अहल्या : कसं होईल? हाताला गुळगुळीत लागतंय. हे बघा, गुळगुळीत... यल्लव्वा?

यल्लव्वा : व्हय अक्का. पिवळंच हाय.

अहल्या : कधीपासून?

यल्लव्वा : दिवाळीपास्नं.

अहल्या : तुला दिसत होतं?

यल्लव्वा : दारातनं दिसतंय की.

अहल्या : मग बोलली का नाहीस, गं? जीभ गहाण ठेवली होतीस?

यल्लव्वा : काय बोलू? अक्का, तुमास्नी दिसत न्हाई, अशी बोंब मारू? हेडमास्तर दुसऱ्या दिशी दुसरी बाई आनतील. दोन वर्सं झाली, तुमास्नी सावल्या तेवड्या दिसत्यात. तुमी तांदूळ निवडून सूप दारात ठेवता, मग म्या ते परत निवडते. कोरड्या तांदळाला इटाळ न्हाई म्हून. तुमाला काय वाटलं, आपल्या भातात खडा का निघत न्हाई? आन् नुस्तं दूध तापवून लगीच पोरास्नी वाटलं तर पितळ काय करत न्हाई. म्हून गप ऱ्हायले. ताक करनार हे मला ठावं न्हवतं. बेस्तवारी सकाळी मी पानी घिऊन आले तवा तुमी घुसळत हुता.

नरसिंहराव : आंबट दही, रात्रभर, उघड्या पितळेत. पितळ उतरलं त्यात. कळकलं.

अहल्या : कळकलं.

नरसिंहराव : लहान मुलं, उपाशी पोटं. आलं-हिंगात चव लपली. पण यल्लव्वा, तुला कसं कळलं? तू खूण केलीस ती उगाच नाही.

यल्लव्वा : उंबऱ्यावर शिंतोडं उडालं हुतं. पुसताना बोट जिभंला लावलं. तोंड वाईट झालं. म्या म्हनलं बी.

नरसिंहराव : कुणाला?

अहल्या : मला. मला म्हणाली ती. अक्का, ताक कळकलंय. मी म्हटलं, तुला काय कळतंय ताकातलं? परदेशी दुधाला असाच वास यायचा. आणि हात मागं घे म्हटलं, उंबऱ्यावर हात ठेवला होता तिनं.

नरसिंहराव : हे तुम्ही मघाशी का सांगितलं नाहीत?

अहल्या : मी विसरले होते हो. नाही, विसरले नव्हते. खोटं बोलू नये म्हातारपणी. भुकटीच वाईट आहे असं ठरवलं होतं, मग ते आठवायची गरज पडली नाही.

नरसिंहराव : आणि यल्लव्वा, तू? इतकं सगळं पोटात ठेवून चौकीला निघाली होतीस?

यल्लव्वा : मी म्हनलं असतं तर कुनी ऐकलं असतं जी? लाकडं फोडनारी बाई अक्कास्नी ताक शिकवती! आन् खरं सांगू का? म्या माजी एकटी वाचवली. पंगतीत समदी पोरं हुती, ती विद्या बी हुती. पातेलं लाथंनं उलथं करायला पायजे हुतं. माजा पाय उचलला न्हाई. रेघ हुती मदी. म्हून म्हनलं, न्हेतोय तर न्हेऊ दे.

अहल्या : अगं रेघ राखेची होती.

यल्लव्वा : तुमीच काडलेली, अक्का.

नरसिंहराव : पावणेचार. ऐका आता दोघी. मला दोन प्रकारे लिहिता येतं. एक म्हणजे छापील नियमाप्रमाणे. भांडी घासणं मदतनिसाचं काम. भांड्याची कल्हई गेली होती, मदतनिसाचं लक्ष नव्हतं. जमादार तसाच परत जाईल, कारण हा विषाचा मामला नाही, हयगयीचा आहे. यल्लव्वाची नोकरी जाईल, पण ती चौकीत जाणार नाही. अक्का राहतील. बुधवारपासून मुलांचं खाणं सुरू.

यल्लव्वा : तसंच लिवा. म्या कुटं बी धुनंभांडी करीन. जयनगरात नवी घरं झाल्यात, लई बायका लागत्यात म्हनं.

नरसिंहराव : अक्का, तुमचं काय म्हणणं?

अहल्या : दुसरा प्रकार कोणता?

नरसिंहराव : झालं तसं लिहायचं. मग तुमच्या डोळ्यांबद्दल लिहावं लागेल. मडीबद्दलही. ज्या आया तुमच्या भरवशावर पोरं पाठवतात, त्या वाचतील.

अहल्या : आणि मी घरी बसेन.

नरसिंहराव : मोतीबिंदू असेल तर तो काढता येतो. मी दवाखान्याला चिठ्ठी देईन. पण नोकरी राहील असं वचन देत नाही. माझ्या हातात नाही ते.

अहल्या : देवळाच्या मागं माझी एक खोली आहे, अण्णा. तिथं चूल पेटवली तर कुणासाठी? इथं दीडशे पोरं जेवतात. माझ्या हाताला अजून बरं-वाईट कळतं, डोळे नसले तरी चालतं, असं मी रोज सकाळी स्वतःला सांगत यायची. आणि त्याच हातानं... काय लिहिलंत आत्तापर्यंत? वाचून दाखवा.

नरसिंहराव : पहिला प्रकार लिहायला घेतला होता. "मदतनीस यल्लव्वा हिने पातेले घासताना..."

अहल्या : खोडा.

नरसिंहराव : अक्का, स्वल्प विचार करा. दहा मिनिटं आहेत.

अहल्या : खोडा म्हणते ना. मघाशी मी तुम्हाला छाती फुगवून काय सांगितलं? लिहून घ्या म्हटलं होतं. तेच लिहा. त्या पातेल्याच्या आत यल्लव्वाचा हात कधीही लागला नाही. खाली यजमानांच्या नावासकट लिहा, अहल्या कोम हयवदनराव. पुढं लिहा, तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. भुकटीला काही नव्हतं, हेही लिहा. नाहीतर गावभर बायका माझंच नाव सांगून पोरांचं दूध बंद करतील.

यल्लव्वा : अक्का, कशापायी? माजं काय, म्या...

अहल्या : तू गप. तुझ्यासाठी नाही करत. माझं खरं आहे ते मी सांगतेय. सही कुठं करायची, अण्णा? बोट ठेवून दाखवा.

नरसिंहराव : इथं. थोडं खाली. होय, इथं.

अहल्या : ओळीत आली?

नरसिंहराव : आली. बाहेर सायकलची घंटा वाजतेय. जमादार असणार. मी कागद दाखवून त्याला फाटकातूनच परत लावतो. मग हेडमास्तरांकडं. ते जरा वेळ घेतील. दोघी इथंच थांबा.

अहल्या : अण्णा, पोट ठीक आहे ना तुमचं?

नरसिंहराव : ठीक आहे, अक्का. रात्री जेवीन म्हणतो आज. सोमवार असला तरी.

यल्लव्वा : गेलं सायेब. अक्का, तुमी बसा तरी. किती येळ उभ्या हाय.

अहल्या : कल्हईवाला किती वेळ असतो गं बाजारात?

यल्लव्वा : दिवं लागंस्तवर.

अहल्या : मग हे पातेलं आत्ताच घेऊन जा. बुधवारी मी असेन नाहीतर दुसरी कुणी असेल, पोरांना दूध लागणारच. त्याला सांग, जाड कल्हई कर. आणि आल्यावर नुसत्या राखेनं घास. हलक्या हातानं. विटेची पूड फेकून दे ती.

यल्लव्वा : म्या घासू?

अहल्या : मग कोण? मला दिसतंय का?

यल्लव्वा : थांबा, सुतळी बांधते भाईरनं. तशी न्हेते डोक्यावर.

अहल्या : सुतळीनं कुठं एवढं जड भांडं पेलतंय? ये अशी, आत ये. रेघ पायानं पुसून टाक. कडेला धरलंस तर निसटेल. आत हात घाल, आणि उचल.